एरंडेलाने आतड्यातली गाठ विरघळत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि पर्वती चढणाऱ्यांच्या गप्पांत सध्या एक मेसेज फिरतोय. मोठ्या आतड्याचा कॅन्सर साचलेल्या मळाच्या विषाने होतो; घरात कुणाला नसेल तर जनुकांचा संबंध नाही; दर महिन्याला एरंडेल घ्या, झालेली गाठही विरघळेल; आणि रक्त पडलं तर ती मूळव्याधच.

आधी मळ. वर्षानुवर्षं चिकटलेला थर कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहण्याच्या तपासणीत) दिसत नाही, कारण तो नसतोच. आतड्याचं अस्तर ४-५ दिवसांत बदलतं. सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी सतत विभागतात, आणि डीएनएची नक्कल होताना चुका होतात. सुरुवात बहुधा 'एपीसी' जनुकापासून होते. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन वेळच्या वेळी मोडीत काढायला एपीसी लागतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की बीटा-कॅटेनिन साठून केंद्रकात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालूच ठेवतं. वर सरकून गळून पडायच्या पेशी तिथेच ठाण मांडतात; हाच ॲडिनोमा, म्हणजे कॅन्सरआधीची छोटी गाठ. पुढे केआरएएस, एसएमएडी४, टीपी५३ ही जनुकं बिघडतात. हा क्रम फिअरॉन आणि फोगेलस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये मांडला. तो काही दगडावरची रेघ नाही, पण पहिला घाव कुठे बसतो याला महत्त्व आहे: फक्त केआरएएस बिघडलेले खळगे बहुतेकदा बारीकच राहतात.

मेसेजमध्ये सत्याचा कण शोधायचाच, तर काही ई. कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं डीएनए बिघडवणारं रसायन बनवतात. पण जुलाब काही नेमके तेवढेच जिवाणू वेचून बाहेर काढत नाहीत.

'घरात कुणाला नाही' हा तर खोटा दिलासा. लिंच सिंड्रोमसारखे थेट आनुवंशिक प्रकार थोडे. बहुतेकांत बिघाड आयुष्यात, आतड्यातल्या एखाद्या पेशीत होतो. आनुवंशिक दोषासाठी केलेल्या रक्ततपासणीत तो सापडणार नाही.

एरंडेलाने आतड्याची हालचाल वाढते, बिघडलेलं जनुक दुरुस्त होत नाही. शिवाय लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांना वारंवार जुलाब म्हणजे पाणी आणि क्षार दोन्ही कमी. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, कोलोनोस्कोपीतच तारेच्या फासाने काढून पॅथॉलॉजीला पाठवतात. बहुतेक पॉलिप कॅन्सर होत नाहीत. होतात त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. एक वेगळी वाट मात्र आहे: बीआरएएफ जनुक बिघडतं, मग मेथिलेशनने (डीएनएवर रासायनिक खुणा बसून) नकलेतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच१ जनुक बंद पडतं. या गाठी चपट्या, बऱ्याचदा उजव्या बाजूला, वर चिकट आवरण. पोट नीट साफ नसेल तर कोलोनोस्कोपीत सहज निसटतात. म्हणून पोट साफ करायला दिलेल्या औषधाचा अर्धा डोस आदल्या संध्याकाळी, उरलेला तपासणीआधी ४ ते ६ तास सुरू करून निदान २ तास आधी संपवायचा.

राहिलं रक्त. मूळव्याध असलेल्यालाही कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे दिसणाऱ्या रक्तासाठी थेट डॉक्टर. न दिसणाऱ्यासाठी शौचाची फिट तपासणी: ती मानवी हिमोग्लोबिनच ओळखते, त्यामुळे मटण किंवा मुळा बंद करायला नको. एप्रिल-मेच्या उन्हात नमुना स्कूटरच्या डिकीत राहिला तर हिमोग्लोबिन मोडतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. त्याच दिवशी पोचवा, नाहीतर किटवर लिहिल्याप्रमाणे थंड ठेवा. पॉझिटिव्ह आला तर पुन्हा फिट करून खात्री करत बसू नका, कोलोनोस्कोपीची तारीख घ्या.