‘जे चाललंय ते चालू द्या ना!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी लोकांना सतत नवनव्या ऑनलाइन सेवा वापरून बघायला सांगते, फुकटच्या सेवा आपली माहिती काढून घेतात, आणि त्या एक दिवस बंद पडल्या की सवय लागलेला माणूस उघड्यावर पडतो. ‘वहीत लिहिलेलं कुठे पळून जात नाही,’ असंही तुम्ही लिहिलंय.

वहीबद्दल माझा वाद नाही. वहीत भागत असेल तर वहीच वापरावी. नवी सेवा शोधायची ती काही अडलं तरच. स्कॅन केलेल्या पानांतला मजकूर टाइप न करता हवा असतो, चौघांना मिळून एकच यादी सांभाळायची असते, किंवा अर्जासोबत जोडायची पीडीएफ ठरलेल्या आकारापेक्षा मोठी भरते. अशा वेळी वही कामाला येत नाही.

सेवा बंद पडण्याची तुमची भीती मात्र अगदी खरी आहे. आवडत्या संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एकाच जागी वाचायला देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. कामांच्या याद्या सांभाळणारं वंडरलिस्ट २०२० च्या मे महिन्यात गेलं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतलेलं स्काइप ५ मे २०२५ ला थांबलं, आणि त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, ८ जुलैला, नंतर वाचायचे लेख साठवून ठेवणारं मोझिलाचं पॉकेट. म्हणजे कंपनी मोठी असो, भली असो, सेवा टिकेलच अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. इथपर्यंत आपलं एकमत आहे. यावरून तुम्ही ठरवता की वापरूच नये. मी म्हणते, आत शिरण्याआधी बाहेर पडायचं दार बघावं.

गूगल रीडर गेलं तेव्हा लोक हळहळले, पण त्यांच्या याद्या शाबूत राहिल्या. आपण कोणकोणती संकेतस्थळं वाचतो याची यादी ओपीएमएल नावाच्या साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येत होती आणि तीच फाइल फीडलीसारख्या तशाच दुसऱ्या सेवेत चढवता येत होती. पॉकेटमधूनही माहिती बाहेर काढायची सोय होती; पण त्यातून दुवे, शीर्षकं, टॅग असं मिळायचं, साठवलेल्या लेखांचा मजकूर नाही. मूळ पान जालावरून नाहीसं झालं असेल तर नुसत्या दुव्याचा उपयोग काय? गूगल फोटोजमधून सगळे फोटो एकदम उतरवले की सोबत जेसन प्रकारच्या छोट्या छोट्या फाइली येतात. तुम्ही लिहिलेली वर्णनं, दुरुस्त केलेल्या तारखा त्यांत असतात. कचरा समजून त्या पुसल्या तर ती माहितीही गेली.

म्हणून ‘एक्स्पोर्ट’चं, म्हणजे माहिती बाहेर काढायचं, बटण आहे एवढ्यावर मी कधीच समाधान मानत नाही. आधी थोडीशी, गमावली तरी चालेल अशी माहिती भरायची, लगेच बाहेर काढायची आणि ती फाइल वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून बघायची. संपर्क व्हीसीएफमध्ये, कॅलेंडर आयसीएसमध्ये, तक्ते सीएसव्हीमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या फाइलींत, निघत असतील तर पुढचा मुक्काम कुठेही करता येतो. लिखाणासाठी ओडीटी हा फाइलचा प्रकार आहे. २००६ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या ओपन डॉक्युमेंट प्रकारातला आहे, एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. फाइल फक्त त्याच सेवेत उघडत असेल, तर ती सेवा कितीही देखणी असली तरी मी रोजच्या कामाला घेत नाही, सुचवत तर नाहीच.

आता फुकटाचा मुद्दा. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. व्हिडिओ आणि गाणी चालवणारं व्हीएलसी हा फ्रान्समधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रकल्प. आजही तो फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. लिखाण-तक्त्यांसाठीचं लिबरऑफिस, फाइली दाबून लहान करणारं सेव्हनझिप, पासवर्ड सांभाळणारं कीपास यांचंही तसंच. उलट पैसे घेऊनही माहिती गोळा करणाऱ्या सेवा आहेतच. किमतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की माझी फाइल जाते कुठे?

हे ताडून बघायची एक सोपी युक्ती आहे. फोटो लहान करणारं किंवा पीडीएफ जोडणारं पान उघडा, ते पूर्ण येऊ द्या, मग इंटरनेट बंद करा आणि काम करून बघा. झालं, तर ते तुमच्याच संगणकावर झालं. फोटो लहान करणारं स्क्वूश असंच चालतं. अडकलं, तर फाइल बहुधा त्यांच्या सर्व्हरवर जाणार होती. तिथे ओळखपत्र, वैद्यकीय अहवाल, बँकेचे कागद द्यायचे नाहीत, मग गोपनीयतेचं पान कितीही गोड लिहिलेलं असो.

आणि एक गोष्ट, जी लोक हमखास विसरतात. फोनवरून अ‍ॅप काढलं म्हणजे खातं बंद झालं असं होत नाही. तुमची माहिती तिकडेच राहते. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते पुसायची सोयही तिथेच हवी, असा नियम अ‍ॅपलने ३० जून २०२२ पासून लागू केला, तो याचसाठी. ‘गूगलने साइन इन करा’ म्हणून दिलेली परवानगीही आपोआप सुटत नाही. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढावी लागते. वापरून बघितलेली सेवा आवडली नाही तर ही दोन्ही कामं त्याच दिवशी उरकावीत.

तुमच्या स्वतःच्या अडचणीबद्दल. बऱ्याच वर्षांच्या नोंदी एका अ‍ॅपमध्ये आहेत आणि आता फुकट खात्यावर मर्यादा आली, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग मला पटतो. पण रागाच्या भरात काही पुसू नका. आधी सगळ्या नोंदी बाहेर काढा. त्यांतली चित्रं आणि जोडलेल्या फाइली ज्या नोंदींत आहेत, त्या मुद्दाम उघडून बघा, कारण गळती होते ती तिथेच. जॉप्लिन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये नोंदी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच, लिहिल्या जातात आणि दुसऱ्या अ‍ॅपमधल्या नोंदी आत घेण्याची सोयही त्यात आहे. काही आठवडे जुनं खातं तसंच राहू द्या.

तुम्ही त्या अ‍ॅपचं नाव लिहिलेलं नाही. ते कळवलंत, तर त्यातून निघणारी फाइल कुठे नीट उघडते ते तपासून मी इथेच खाली लिहीन.