तिसा नदीच्या दोन काठांचा जिल्हा

युक्रेन आणि रोमानिया यांच्यामधील सीमा तिसा नदीच्या वरच्या खोऱ्यात सुमारे ६० किलोमीटर नदीच्या पात्रातूनच जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे सीमा नव्हती. हीच नदी मारामारोश नावाच्या एका अखंड जिल्ह्याच्या मधोमध वाहत होती. हंगेरीच्या राज्यातील हा डोंगराळ जिल्हा जवळजवळ ९,७०० चौरस किलोमीटरचा होता आणि १९१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या वर होती. रुथेनियन (युक्रेनियनला जवळची भाषा बोलणारे स्लाव लोक), रोमानियन, हंगेरियन आणि यिद्दिश बोलणारे ज्यू तिथे शेजारी-शेजारी राहत असत.

या जिल्ह्याची फाळणी ज्या पद्धतीने झाली ती मुळातच चुकीची होती, असे माझे ठाम मत आहे. डोंगराळ मुलखात माणसांची ये-जा अडते ती घाटमाथ्यावर. खाली खोऱ्यात बाजार भरतो, रस्ता नदीकाठानेच जातो, सोयरिकीही खोऱ्यातच जुळतात. मारामारोशच्या उत्तरेला कार्पेथियनची मुख्य रांग आणि दक्षिणेला २,३०३ मीटर उंचीच्या पिएत्रोसूल शिखराचे रोड्ना पर्वत होते. दोन्हीकडचे ओढे-नाले तिसेलाच मिळत. जिल्ह्याच्या या नैसर्गिक हद्दी बाजूला ठेवून, पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या ४ जून १९२० च्या त्रियानों तहाने त्याच्या मधल्या नदीलाच हद्द ठरवले. उत्तरेचा भाग चेकोस्लोव्हाकियाला आणि दक्षिणेचा रोमानियाला मिळाला.

भाषेच्या आधारे वाटणी केली, असे याचे समर्थन केले जाते. परंतु ते पूर्ण खरे नाही. उत्तर काठावर रोमानियन बोलणारी गावे राहिली, दक्षिण काठावर रुथेनियन बोलणारी राहिली, आणि ती आजही आहेत. चेकोस्लोव्हाकियाला खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग हवा होता, हे कारण मला अधिक वजनदार वाटते.

परिणाम पाहायचा असेल तर सिगेत आणि सोलोत्विनो ही समोरासमोरची दोन गावे पाहावीत. सिगेत हे दक्षिण काठावरचे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, तर सोलोत्विनो ही उत्तर काठावरची मिठाची खाण. इथले मीठ शतकानुशतके तराफ्यांवर लादून तिसेच्या प्रवाहाबरोबर हंगेरीच्या मैदानात जात असे. फाळणीनंतर कचेरी एका देशात आणि खाण दुसऱ्या देशात गेली. सिगेतहून उर्वरित रोमानियात रेल्वेने जायचे तर गाडीला परक्या मुलखातून जावे लागे. १९४९ मध्ये साल्वा ते विशेउ हा डोंगरातला लोहमार्ग झाला तेव्हा कुठे ही अडचण दूर झाली. १९१० मध्ये सोलोत्विनोत जन्मलेले आणि दीर्घायुष्य लाभलेले माणूस गाव न सोडता हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, पुन्हा हंगेरी, सोव्हिएत संघ आणि युक्रेन एवढ्या राजवटी पाहून गेले असेल.

इथली सर्वांत मोठी हानी मात्र सीमेच्या रेघेमुळे झालेली नाही, आणि तिचा उल्लेख टाळून मारामारोशबद्दल लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९४० मध्ये सिगेत पुन्हा हंगेरीकडे आले आणि मे १९४४ मध्ये तिथल्या ज्यूंना आधी कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबून मग आगगाडीने आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यात आले. त्यांत पंधरा वर्षांचा एली वीझेल होता, जो पुढे लेखक झाला आणि ज्याला १९८६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. जुन्या जिल्ह्याच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांनी हेही आठवावे की ही हद्दपारी हंगेरीच्याच प्रशासनाने आणि पोलिसांनी घडवून आणली. म्हणूनच जुनी राजवट परत यावी, असे मी म्हणत नाही; माझा आग्रह खोऱ्यापुरता आहे.

दुसऱ्या महायुद्धात सिगेत आणि सोलोत्विनो यांच्यामधला पूल नष्ट झाला, आणि त्याच्या जागी बांधलेला लाकडी पूल २००७ पर्यंत लोकांसाठी खुला झाला नव्हता. ज्या गावांचा बाजार एक होता त्यांना साठ वर्षे एकमेकांकडे नुसते पाहत राहावे लागले. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आया लेकरांना घेऊन याच पुलावरून चालत रोमानियात येऊ लागल्या, तेव्हा रोमानियाच्या बाजूच्या लोकांनी पुलाच्या कडेला ओळीने खेळणी मांडून ठेवली होती. मऊ अस्वले होती, बाहुल्या होत्या. येणाऱ्या मुलाने आवडेल ते उचलायचे आणि पुढे चालू लागायचे.