बसा की, सोडतो!

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साखर सीमेवर आलीय."

मी कोल्हापूरचा. साखर म्हटलं की मला कारखान्याची चिमणी दिसते आणि सीमा म्हटलं की बेळगाव. त्यामुळं ह्यात घाबरण्यासारखं काय आहे हे कळायला जरा वेळच लागला. "रोज 8 हजार पावलं चाला," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मुलानं संध्याकाळीच पावलं मोजणारं घड्याळ आणून मनगटाला बांधलं. घरातल्या म्हशीला घंटा बांधतात त्याच मायेनं.

महिनाभर शहरात चाललो. रंकाळ्याला फेरी मारली की परतीच्या वाटेवर मिसळ. वाट बदलून गंगावेशीकडनं आलो, तर कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास थेट हातात. पावलं वाढली, पण वजन त्यांच्या पुढं निघालं. तेव्हा ठरवलं, जिथं खायला-प्यायला काही मिळत नाही आणि कुणी ओळखत नाही अशा खेड्यात जाऊन चार दिवस निवांत चालायचं.

मावसबहीण खिद्रापुरात दिलीय. शिरोळ तालुक्याचं टोक, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. तिन्ही बाजूंनी कृष्णेचा वेढा, पलीकडं कर्नाटक. चढ नाही, घाट नाही, तळहातासारखं सपाट मळीचं रान. घरबसल्या मी तीन सोप्या फेऱ्यासुद्धा आखल्या: गाव ते कोपेश्वराचं देऊळ, देऊळ ते नदी, आणि जरा अंगात आलं तर राजापूरच्या बंधाऱ्यापर्यंत. आमची चारचाकी बायको माहेरी घेऊन गेली होती. म्हणून एसटीनं कुरुंदवाड आणि तिथनं वडापच्या जीपनं खिद्रापूर.

पहिल्या दिवशी सहाला उठून बूट घातले, तर दाजी दारात मोटारसायकलला किक मारत उभे.

"चला पावणं, कुठं जायचं?"

"कुठं नाही. नुसतं चालणार आहे."

दाजींनी गाडी बंद केली. "अक्का काय बोलली काय तुम्हाला?"

पायी चालायला आमच्याकडं कारण लागतं. देवाला निघालाय, गाडी पंक्चर आहे, किंवा घरात भांडण झालंय. चौथं कारण मान्य नाही. बंधारा किती लांब म्हणून विचारलं तर दाजी म्हणाले, "ह्यो काय, हितंच." ह्या 'हितंच'चा हिशेब मी चार दिवसांत शिकलो. हात करून दाखवलं तर खरंच जवळ असतं. हनुवटी उचलून दाखवलं तर पाण्याची बाटली घ्यावी. आणि नुसते ओठ पुढं काढून "त्ये काय" म्हटलं तर भाकरी बांधून निघावं. दाजींनी ओठ पुढं काढले होते.

गावाबाहेर पडून शंभर पावलं झाली नसतील, तोवर मागनं एक लुना आली. पुढं दुधाची किटली, मागं गवताचा भारा, मध्ये टोपीवाले आजोबा. लुनेवर आता डास बसला असता तरी ती आडवी झाली असती. आजोबा थांबले, भारा चार बोटं मागं सरकवला आणि म्हणाले, "बसा की, सोडतो."

नको म्हणालो. त्यांना वाटलं लाजतोय. तीनदा म्हणाले. शेवटी खाली उतरून माझ्याबरोबर लुना ढकलत चालायला लागले, कारण पाहुण्याला एकटं चालू देणं बरं दिसत नाही. सत्तरीचा माणूस माझ्या साखरेपायी किटली ढकलतोय हे बघवेना, म्हणून बसलो. घड्याळात पावलं 312.

दुसऱ्या दिवशी हुशारी केली. डांबरी सोडून पाणंद धरली. दोन्ही बाजूंनी दोन पुरुष उंचीचा ऊस, खाली चाकोरीत गार चिखल, वर आभाळाची एक चिंधी. इथं कुणी भेटणार नाही म्हणून छाती भरून घेतली, तोच उसातनं आवाज आला, "कोण मोजणीवालं काय?"

माझी टोपी, बूट आणि घडीघडी मनगटाकडं बघायची सवय, ह्यावरनं त्या रानात तासाभरात बातमी फुटली की सरकारी माणूस आलाय. एकानं बांध कोरल्याची तक्रार केली. दुसऱ्यानं घरी नेऊन भिंतीवरची ओल दाखवली. 2019 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि रंग देताना त्यांनी ती मुद्दाम तशीच ठेवली होती. मी पंचनाम्याचा नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "नसंना, च्या तरी घ्या." दोन चमचे साखरेचा चहा, वर हरभऱ्याचा डहाळा, वर नरसोबावाडीचा पेढा. सरकारी नसताना एवढं, तर असतो तर काय झालं असतं ह्या विचारात वाट चुकलो.

आता खिद्रापुरात वाट चुकणं अवघड. कुठंही तोंड करून चालत सुटलं तरी बहुतेक कृष्णाच आडवी येते. पण उसात दिशा नसतात. एका तिकटीवरनं तीनदा गेलो. फोन काढला तर त्यानं कर्नाटकात स्वागत केलं.

तेवढ्यात समोरनं उसाच्या वाड्याचा भारा चालत आला. जवळ आल्यावर खाली एक मावशी दिसल्या. पदर खोचलेला, हातात विळा. "पावणं, ह्याच वाटंनं किती येळ फिरतायसा? काय हरवलंय?"

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय मावशी."

"नुसतंच?"

"नुसतंच."

त्यांनी मला खालनं वर बघितलं. "मग ह्यो भारा घ्या की डोईवर. तुमचं बी हुईल, माजं बी हुईल."

अब्रूचा प्रश्न होता. घेतला. उसाच्या शेंड्यांना वजन असतं हे ठाऊक होतं, पण त्यांच्या कडा मानेला कापतात हे नव्हतं. बारा पावलांत मान आत गेली, चौदाव्याला टोपी डोळ्यांवर आली. घड्याळ थरथरलं: 'तुमचा व्यायाम सुरू झालेला दिसतोय.' दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला तसं वाटलं होतं. विसाव्या पावलाला मावशींनीच भारा काढून घेतला आणि हसू पदरात दाबत पुढं झाल्या. मी मागनं धापा टाकत, मोकळ्या हातानं. गावात शिरताना ही मिरवणूक बघायला पारावर माणसं होतीच.

चालण्याला नावं न ठेवणारा एकच माणूस भेटला, तो शेजारच्या सैनिक टाकळीचा. तिथं घरटी एकजण फौजेत असतो म्हणतात. ते निवृत्त सुभेदार माझ्याजवळनं पुढं गेले, वळून परत आले, "शाब्बास" म्हणाले आणि "पण हात ढिले पडतायत" म्हणून अर्धा तास लेफ्ट-राइट करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी फक्त देवळात गेलो. तिथं तरी कुणी गाडीवर घेणार नाही. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम. स्वर्गमंडपात 48 खांब, मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. खालच्या गोल शिळेवर उभा राहून वर बघितलं की आपण विहिरीच्या तळाशी आहोत आणि पाण्याच्या जागी ऊन भरलंय असं वाटतं. बाहेरून देवळाच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे, 92 म्हणतात. प्रदक्षिणा घालत मोजले, दोनदा दोन वेगळे आकडे आले. एवढं दगडी मंदिर पाठीवर घेऊन आठशे वर्षं उभे आहेत बिचारे. त्यांना कुणी "बसा की" म्हणालं नाही.

खरी गंमत आत कळली. ह्या देवळात महादेवासमोर नंदी नाही. गोष्ट अशी सांगतात की सती नंदीवर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून महादेव इथं नंदीशिवाय. नंदी नदीपलीकडं, कर्नाटकात यडूरला. महादेव कोपले म्हणून कोपेश्वर आणि त्यांची समजूत घालायला विष्णू आले, ते धोपेश्वर. दोन्ही लिंगं गाभाऱ्यात शेजारी आहेत.

मी हात जोडून तसाच उभा राहिलो. बायको गाडी घेऊन माहेरी गेल्यावर माणसाची काय अवस्था होते हे जाणणारा देव पहिल्यांदाच भेटत होता. फरक एवढाच, की मी कोपल्याचं आमच्यात कुणी मनावर घेत नाही.

बाहेर आलो तर ऊन चढलेलं. बंधाऱ्याची फेरी राहिलीच होती. निघालोही होतो, पण वाटेत फडाकडं रिकामी बैलगाडी चालली होती. गाडीवान बीडकडचा, हंगामाला आलेला. तो काही बोलला नाही, नुसता बाजूला सरकला. तीन दिवस नाही म्हणून थकलो होतो. चढून बसलो. त्यानं उसाचं एक कांडं माझ्या हातात दिलं.

पाणंदीच्या खड्ड्यांतनं गाडी अशी उसळायला लागली की दातांत धरलेला ऊस आपोआप सोलला जात होता. अर्ध्या तासानं मनगट थरथरलं. बघतो तर घड्याळाच्या तोंडावर फटाके फुटत होते. 8 हजार पूर्ण. प्रत्येक आचक्याला त्यानं इमानेइतबारे एक पाऊल धरलं होतं.

"कुणाचा फोन हाय?" गाडीवानानं विचारलं.

"डॉक्टरचा," मी चोथा थुंकत म्हणालो.

"मग उचला की."