कोलंबसाने पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध केलं नाही

'कोलंबसाच्या आधी सगळे पृथ्वी सपाट मानत. खलाशांना कडेवरून पडायची भीती होती. पंडितांनी त्याला वेड्यात काढलं. पण १४९२ मध्ये तो निघाला आणि पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध करून दाखवलं.' हा मजकूर सतत फिरत असतो. त्यातलं वर्ष तेवढं खरं आहे.

'सगळे सपाट मानत' हे तर साफ चूक. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड गोल दिसते, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने तर पृथ्वीचा परीघच काढला. इजिप्तमधल्या सायीनला, म्हणजे आजच्या अस्वानला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येई. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडे आणि तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरे. दोन शहरांतलं अंतर ५,००० स्टेडिया (हे ग्रीकांचं लांबीचं माप) धरलं, त्याला ५० ने गुणलं, की परीघ अडीच लाख स्टेडिया! आपल्या आर्यभटाने भूगोलाला कदंबाच्या फुलाची उपमा दिली: फुलाला सगळीकडून केसर, तशी पृथ्वीवर सगळीकडून जीवसृष्टी. मध्ययुगीन युरोपातही साक्रोबोस्कोचं गोलावरचं पाठ्यपुस्तक विद्यापीठांत शिकवलं जाई. ख्रिस्ती लेखक लॅक्टँटियससारखे सपाट म्हणणारे होते, पण विद्वानांत ते अपवादच.

खलाशी घाबरले होते, हे खरं. पण कशाला? वारा सारखा पश्चिमेकडे ढकलत होता, मग स्पेनला परतायचं कसं, ही त्यांची धास्ती होती. म्हणून सप्टेंबरमध्ये उलटा वारा सुटला, तेव्हा कोलंबसाला हायसं वाटलं. तशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे.

पंडितांवर मात्र या मजकुराने सरळसरळ अन्याय केला आहे. कोलंबसाला पश्चिमेकडून आशिया गाठायचा होता; वाद आकाराचा नव्हताच, अंतराचा होता. कॅनरी बेटांपासून जपान साधारण साडेचार हजार किलोमीटरवर असेल, असा कोलंबसाचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते अंतर त्याच्या चौपटीहून जास्त आहे. खगोलज्ञ अल-फरगानीने पृथ्वीच्या मापासाठी दिलेले अरबी मैल त्याने लहान इटालियन मैल समजून वापरले आणि पृथ्वीच आक्रसून टाकली. 'एवढ्या लांब जहाजं पोचणार नाहीत' असं म्हणणारे बरोबर होते. मध्ये अमेरिका लागली म्हणून तो वाचला. अडाणी पंडितांचं चित्र रंगवून ते लोकप्रिय केलं अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८२८ मधल्या कोलंबस-चरित्राने.

राहिलं 'सिद्ध केलं'. तो पश्चिमेला गेला आणि आल्या दिशेनेच परतला, यातून गोलाई कशी सिद्ध होणार? उलट १४९८ च्या सफरीत त्यानेच स्पेनच्या राजाराणीला कळवलं की पृथ्वी पूर्ण गोल नसून नासपतीच्या आकाराची आहे. पृथ्वीला अख्खी फेरी घातली ती 'व्हिक्टोरिया' या जहाजाने. १५२२ मध्ये कप्तान एल्कानोच्या हाताखाली ते स्पेनला परतलं, तेव्हा त्यावर १८ जण उरले होते. मोहिमेचा प्रमुख मॅगेलन वर्षभरापूर्वीच फिलिपिन्समध्ये मारला गेला होता.