टाकीचे घाव आणि तो फॉरवर्ड

हा मेसेज तुमच्याकडे पण आला असणारच, माझ्याकडे तर महिन्याभरात चार जणांनी पाठवला. थोडक्यात असा आहे: "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ज्यांचं बालपण हालात गेलं, ज्यांनी मार खाल्ला, ज्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, तीच माणसं पुढे कणखर, स्वावलंबी, संयमी आणि दयाळू होतात. जगातली मोठी माणसं बघा. लाडात वाढलेली पोरं पहिल्याच धक्क्याला कोलमडतात. आम्ही सोसलं, आमचं काय वाईट झालं?" आणि शेवटी दंड फुगवलेला इमोजी.

खोटं कशाला बोलू, मला पण हे बरीच वर्षं पटायचं, कारण त्यात माझंच कौतुक होतं. पण एकेक वाक्य सुटं करून बघितलं की गडबड कळते.

पहिली गडबड म्हणजे हाल, मार आणि दुर्लक्ष हे सगळं एकाच पोत्यात भरलंय. घरात पैशाची ओढाताण आहे, पोराला लहानपणापासून कामं करावी लागतात, पण रात्री कुणीतरी विचारतं की आज गप्प का रे, काय झालं, हे एक बालपण. आणि घरात सगळं आहे, कपडे आहेत, शाळेची फी वेळेवर जाते, पण पोरगं आठ दिवस गप्प असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, हे वेगळंच बालपण. मेसेजवाल्याला पहिलं कौतुकाचं वाटतं आणि त्या कौतुकात तो दुसरं पण खपवतो. अहो, टाकीच्या म्हणीत निदान शिल्पकार तरी आहे, तो दगडाकडे बघून, अंदाज घेऊन घाव घालतो. दुर्लक्ष झालेल्या पोराच्या वाट्याला टाकी पण नाही आणि शिल्पकार पण नाही, दगड नुसता पावसापाण्यात पडून.

आता "मोठी माणसं बघा". बघितली. पण मोठी झाली म्हणून त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत आली ना, तसंच बालपण असलेली बाकीची कुठे गेली ते कोण सांगणार? हे तपासायचं तर उलट्या बाजूने सुरुवात करायला हवी, म्हणजे आधी सगळी मुलं धरायची आणि मग त्यांचं काय होतं ते बघत बसायचं. एमी वर्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच केलं. हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं, आणि त्यांचा मागोवा पार चाळिशीपर्यंत. त्यातली साधारण तीस टक्के मुलं खूप वाईट परिस्थितीतली होती, गरिबी, जन्माच्या वेळचे त्रास, घरातली भांडणं, आईबापांची दारू किंवा मानसिक आजार, यातलं बरंच काही एकदम. मेसेजच्या हिशोबाने ही सगळी पोलादी निघायला हवीत. प्रत्यक्षात त्यातल्या दोन तृतीयांश मुलांना अठरा वर्षांची व्हायच्या आतच शिकण्यात, वागण्यात किंवा मनाच्या तब्येतीत अडचणी आल्या. एक तृतीयांश मात्र खरंच छान घडली, धडधाकट, कामात चोख, माणसं जोडणारी. मग यांना घाव जास्त बसले होते का? नाही. यांच्या आयुष्यात एखादी आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, असं कुणीतरी टिकून होतं ज्याला हे पोर मनापासून हवं होतं. काहींचा मुळातला स्वभाव पण मनमिळाऊ होता, तो भाग आहेच. अजून एक गोष्ट मला फार आवडते, आधी घसरलेल्यांपैकी पण बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले, कुणी पुन्हा शिकून, कुणी चांगल्या जोडीदारामुळे.

"कणखर होतात" याला उत्तर छोटं आहे. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा मोठा अभ्यास आला, साडेनऊ हजार प्रौढांना लहानपणचे अनुभव विचारले, मारहाण, अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड वगैरे. ज्यांनी असे चार किंवा जास्त प्रकार सोसले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, नशा, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट निघाला. धोका म्हणजे नशीब नव्हे हे मान्य. पण याला कणखर करणं म्हणत नाहीत.

"स्वावलंबी होतात" यावर मात्र मला जरा थांबायचंय.

रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदीच आणली, लोकांना न परवडणारी मुलं झाली आणि अनाथालयं भरत गेली, १९८९ ला सरकार पडल्यावर जगाला तिथला प्रकार कळला. तान्ह्या पोरांना बाटली मिळायची, दुपटी बदलली जायची, पण उचलून घेणारं ठराविक असं माणूस नाही. तिथे गेलेल्यांना सगळ्यात जास्त खटकली ती शांतता. खोलीभर बाळं आणि रडणं नाही, कारण रडल्यावर कुणी येत नाही हे ती शिकली होती. बाहेरून बघणारा म्हणेल किती शहाणी बाळं!

पुढे तिथल्याच राजधानीत, बुखारेस्टमध्ये, अनाथालयांतल्या १३६ मुलांवर अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे दिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, जवळीक करायची क्षमता सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रोमानियन मुलांवर मायकेल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी काम केलं, त्यात सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं पुढे बरीचशी इतरांसारखीच झाली, पण त्यापेक्षा जास्त काळ तिथे राहिलेल्यांच्या काही अडचणी तरुणपणापर्यंत गेल्या. तरी त्यांच्यातही पाचातलं एक पूर्ण ठीक निघालं, म्हणजे इथेही सरसकट काही नाही.

आपली घरं म्हणजे रोमानियातली अनाथालयं नव्हेत, माहितीये. पण "हिचं कधी काही करावंच लागलं नाही" हे वाक्य मी माझ्याबद्दल इतक्या वेळा ऐकलंय की ते मला मेडलसारखं वाटायचं. काही वर्षांपूर्वी माझं एक छोटंसं ऑपरेशन झालं, मी रिक्षाने गेले, सही स्वतःच केली, दुसऱ्या दिवशी रिक्षाने परत. महिन्याभराने भावाला फाइल दिसली तर म्हणाला ताई, सांगितलं का नाहीस? आणि मला उत्तरच देता येईना, कारण मी लपवलं नव्हतं हो, सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. याला स्वावलंबन म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

"संयमी" चं तर उलटंच आहे. २०१३ साली अमेरिकेत २८ लहान मुलांवर एक प्रयोग झाला, छोटाच आहे पण डोकं लावून केलेला. आधी सगळ्यांना सांगितलं की थांब, तुझ्यासाठी रंगवायला भारी सामान आणते. निम्म्यांना ते आणून दिलं, उरलेल्यांना म्हणाले सॉरी, नाहीये. मग नेहमीची परीक्षा, समोर एक गोड पदार्थ, पंधरा मिनिटं थांबलास तर दोन. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, आणि ज्यांना आधी फसवलं होतं ती तीनच मिनिटं. स्वभाव तोच, वय तेच, फरक फक्त थोड्या वेळापूर्वी मोडलेल्या शब्दाचा. मग ज्याच्याशी दहा वर्षं कुणी शब्द पाळला नाही त्याने हातातलं लगेच खाऊन टाकलं तर त्यात हावरटपणा किती आणि अनुभव किती? अशा पोराला आपण "चंचल", "बेशिस्त" म्हणून मोकळे होतो.

"दयाळू होतात" हे काहींच्या बाबतीत खरं आहे, मी अशी माणसं पाहिलीत. पण सोसलेला माणूस दुसऱ्याचं दुःख बघून जसा हळवा होऊ शकतो तसाच "एवढ्याशाने काय रडतोस" असंही म्हणू शकतो, आणि दोन्ही तितक्याच मनापासून. इथे मेसेजच्या विरोधकांना पण एक चिमटा काढते, कारण ते लगेच म्हणतात की मार खाल्लेला पुढे मारणारच. असंही नाही. अमेरिकेतल्या संशोधक कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये अत्याचार किंवा दुर्लक्ष कोर्टात सिद्ध झालेली ९०८ मुलं आणि तशाच परिस्थितीतली पण तो त्रास नसलेली मुलं यांची पोलिसांकडची नोंद ताडून पाहिली. अल्पवयात अटक झालेली पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७ टक्के. फरक खरा आहे, पण पहिल्या गटातली चारातली तीन मुलं त्या यादीत नाहीत हेही तितकंच खरं.

लाडाचं म्हणाल तर पोराची प्रत्येक अडचण आईबापांनी सोडवणं वाईटच, त्यावर कुणाचं भांडण नाही. पण ज्याला माहितीये की मागे वळलं तर कुणीतरी आहे, तेच मूल लांबपर्यंत खेळायला जातं, कुठल्याही बागेत दहा मिनिटं बसून बघा.

राहिलं "आमचं काय वाईट झालं". मला हा मेसेज पहिल्यांदा पाठवला ते आमचे एक काका, वय सत्तरच्या पुढे. घरात चार माणसं जमली की ते एक किस्सा सांगतातच, लहानपणी तापाने फणफणलेले आणि रात्रभर पडवीत एकटे पडून होते, सकाळी उठून शाळेत गेले. सांगतात हसत हसत, आम्ही पण हसतो. ताप कधी एकशे दोन असतो, कधी एकशे चार, पावसाळा असतो नाहीतर थंडी. रात्रभर कुणी आलं नाही, एवढं मात्र एकदाही बदललेलं नाही.