बैलाचे दात बघा, ऑफरचे कशाला?

परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीचं ऑफर लेटर हाती आलं की पहिलं पथ्य म्हणजे ते वाचायचं नाही. वाचलं की शंका येतात, आणि शंका काढणाऱ्याला आपल्याकडे नशिबाला लाथ मारणारा म्हणतात. लेटर दाखवायचं असतं. आधी पानठेल्यावर, मग दूध डेअरीवर, मग मामाच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पेढे त्याच दिवशी वाटून टाका. एकदा गावाच्या तोंडात पेढा गेला की मागे फिरायची सोय उरत नाही, आणि सोय न उरलेला माणूस निर्णय फार झटपट घेतो.

आकडा मात्र मोठ्यानं वाचा. लेटर व्हिएतनामचं असेल तर विचारायलाच नको. तिथलं चलन डाँग. माझ्या लेटरात महिना दोन कोटी लिहिले होते. पानठेल्यावर तो आकडा उच्चारला तेव्हा पानाला चुना लावणारा हात जागीच थांबला.

"दोन कोटी? कायचे गा?"

"इंग्रजी शिकवाचे."

"बाप्पा! अन् आमी येथी पराटीत मरून रायलो."

एका रुपयात तीनशेच्या आसपास डाँग येतात, म्हणजे या दोन कोटींचे जेमतेम ६५,००० रुपये होतात, हा भागाकार भर ठेल्यावर करून दाखवू नये. त्या देशात वर्षाकाठी १८३ दिवस न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या पगारातून सरसकट २० टक्के कर कापतात, हे तर घरीही सांगू नये.

आणि त्या आकड्याआधी 'अप टू' असे दोन शब्द होते. मी इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. 'अप टू' म्हणजे 'पर्यंत', हे सातवीच्या पोरांना मी शिकवलेलं आहे. बाजार समितीत हाच 'पर्यंत' आपल्याला बरोबर समजतो. फळ्यावर सोयाबीनचा वरचा भाव लिहिलेला असतो, आणि आपल्या ढिगात व्यापाऱ्यानं हात घातला की ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघतो, काडीकचरा निघतो, भाव खाली येतो. म्हणून फळ्यावरचा भाव ऐकून कोणी ट्रॅक्टर बुक करत नाही. पण मजकूर इंग्रजीत असला की 'पर्यंत' हा शब्द दिसेनासा होतो. होऊ द्या.

माझ्या बाबांनी बैल घेतला तेव्हाची गोष्ट. बाजारात सकाळी आठला गेलो ते दुपारचे तीन वाजले. आधी त्यांनी बैलाचा जबडा उघडून दात मोजले. मग खूर उचलून पाहिला, अंगावर भोवरा कुठं आहे ते पाहिलं, डोळ्यासमोर हात हलवला. विकणारा म्हणाला, गरीब आहे जनावर. बाबा म्हणाले, चालवून दाखव. चालवला, तर म्हणाले, जुंपून दाखव. जुंपला, तर विकणाऱ्याच्या गावचा माणूस हुडकून त्याला चहा पाजला आणि विचारलं, "हा बैल इकून काहून रायला?" मगच रुमालाखाली बोटं गेली.

त्याच बाबांपुढं मी ऑफर लेटर ठेवलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "शिक्का हाय ना?"

शिक्का होता. प्रिंटरनंच छापलेला होता, पण रंगीत होता.

तेव्हा बैलाचे प्रश्न बैलापुरतेच ठेवा. ही जागा रिकामी का झाली, आधीचा मास्तर किती महिन्यांत पळाला, सध्या शिकवणाऱ्या एखाद्याचा नंबर मिळेल का, असलं काही नोकरी देणाऱ्या त्या इंग्रजीच्या क्लासला, म्हणजे सेंटरला, विचारू नका. त्यांना वाईट वाटेल. सोयरीक जुळवताना आपण पोराच्या मावसआजीच्या गावापर्यंत चौकशी करतो. इथं लग्न थोडंच लावायचंय, फक्त पासपोर्ट द्यायचाय.

एजंटचंही तसंच. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते, आणि एजंटनं उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, तेही पावती देऊन, असा नियम आहे. यादी पाहायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात एक पेढा जास्त खाऊन होतो. माझ्या एजंटनं दीड लाख मागितले तेव्हा मला उलट स्वस्त वाटलं. इथल्या संस्थेत कायम व्हायला किती मोजावे लागतात, ते बी.एड. झालेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. शिवाय पावती न मागायची सवय आपल्याला तिथंच लागलेली असते.

आता 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे इंग्रजी ही मातृभाषा असलेला माणूस, या शब्दाबद्दल. जाहिरातीत तो असतोच. जन्मभर फॉर्मवर 'नेटिव्ह प्लेस' या रकान्यात तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ लिहून आपल्याला वाटतं की आपल्याइतका नेटिव्ह कोण? कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा सहसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारात भारतीयांसाठी एक फट ठेवली आहे, पण ती शाळेतल्या सहायक शिक्षकाची. एजंट जेव्हा म्हणतो, "सर, कोरियाचं मी बघतो," तेव्हा कोणत्या फटीतून बघतो, ते विचारू नये. फोटो मागितला तर तालुक्याच्या स्टुडिओत जा. तिथला पोरगा तुम्हाला इतकं उजळवून देतो की घरची माय दार उघडणार नाही.

इंग्रजी शिकवता येतं अशा सर्टिफिकेटसाठी तर अजिबात कष्ट नकोत. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स दिवाळीच्या सवलतीत काढा आणि दोन रात्रींत उरका. केंब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांपुढं सहा तास शिकवून दाखवावं लागतं, मागं बसून कोणीतरी चुका लिहून घेतं. हे म्हणजे जुंपून दाखव म्हणण्यासारखंच झालं.

तासांचा मुद्दा मला जरा जास्तच झोंबतो. मी सात वर्षं घड्याळी तासिकेवर होतो. तास घेतला तर पैसे, सुटी आली की पैसे बंद, आणि उन्हाळ्यात सासऱ्याच्या शेतात. या तासिकेच्या नावानं मी यष्टीत, लग्नात, मयतीत बोटं मोडली आहेत. शिक्षणसेवकाचं मानधन १६,००० झालं तेव्हा ज्याला ते लागू झालं त्याचा मी हेवा केला. आणि ऑफर लेटरात काय होतं? आठवड्याला २० 'टीचिंग अवर्स', तासाप्रमाणे मोबदला. बाकी वेळ सेंटरवर बसून राहायचं, त्याचे पैसे नाहीत. 'तेत' म्हणजे त्यांचं नवं वर्ष, ते जानेवारी-फेब्रुवारीत येतं. तेव्हा सेंटर बंद, मोबदलाही बंद. घड्याळी तासिकाच होती ती. फक्त विमानानं जायची होती.

करारपत्र दोन भाषांत होतं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे व्हिएतनामी. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन्हींत फरक पडल्यास व्हिएतनामी मजकूर ग्राह्य धरला जाईल. म्हणजे मी जी भाषा शिकवायला चाललो होतो ती करारात शोभेपुरती होती. या असल्या पानावर सही करताना पेन चांगला वापरा, फोटो छान येतो.

व्हिसाचं टेन्शन घेऊ नका. "तूर्त टुरिस्ट ई-व्हिसावर या, तुम्ही आल्यावर वर्क परमिट काढू," असं म्हणाले तर जा. तो ई-व्हिसा ९० दिवसांचा असतो आणि त्यावर काम करणं बेकायदा असतं. वर्क परमिटसाठी पदवीवर शिक्के, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी असा गोतावळा लागतो, आणि पदवीवरचे शिक्के गावाकडूनच मारून न्यावे लागतात. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, काही देशांना पुरतं, काहींना दूतावासाचा शिक्काही हवा असतो. हे सगळं आधी सांगणारा एजंट धंदा काय करणार? मूळ डिग्री सेंटरच्या कपाटात ठेवायला मागितली तर देऊन टाका. इथले संस्थाचालक तरी काय वेगळं करतात?

एक गोष्ट मात्र गमतीत घालवता येत नाही. विमान बँकॉकला उतरलं आणि गाडी शाळेकडे न जाता थायलंडमधल्या माए सोतच्या सीमेकडे निघाली, तर नदीपलीकडे म्यानमार आहे. नोकरीच्या आमिषानं पोरांना तिकडे नेणाऱ्या टोळ्यांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तिथं नेलेल्या पोरांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. तिथून कोणी पेढे पाठवत नाही.

मी त्या मानानं सुखरूप. ८९ दिवस राहिलो, शनिवार-रविवारी चिमुकल्यांना फळांची नावं म्हणायला लावली आणि ९० वा दिवस उजाडायच्या आत परत आलो. डिग्री दोन महिन्यांनी कुरिअरनं आली, एका कोपऱ्यात चहाचा डाग घेऊन. पानठेल्यावर अजून मला 'दोन कोटीवाले सर' म्हणतात.

परवा माझाच एक जुना विद्यार्थी घरी आला. मोबाइलवर पीडीएफ उघडून म्हणाला, "सर, तुमी जाऊन आले, एकडाव वाचून सांगा ना." मी चष्मा लावला. पहिल्याच ओळीत 'अप टू' सापडलं. समजावून सांगत चौथ्या कलमापर्यंत आलो, तशी त्याची चुळबुळ सुरू झाली.

"सर, ते राहू द्या. पॅकेज तेवढं बरोबर हाय ना?"

मी चष्मा काढला. तोवर त्यानं पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं होतं. पेढे ताजे होते, वेलदोडा जरा जास्त पडला होता.