कुसळीची बडदास्त

गवत उपटायला माणूस मिळतो, राखायला मिळत नाही. बागेच्या एका कोपऱ्यात, शोभेसाठी म्हणून, कुसळी हे आपल्याच मातीतले गवत लावल्यापासून ही गोष्ट मला पुरती उमगली आहे. कुसळीला खत लागत नाही, फवारणी लागत नाही, आणि एकदा मूळ धरले की पाण्याचीही तिला फारशी फिकीर नसते. तिला लागतो तो केवळ बंदोबस्त, आणि तोही किडीपासून किंवा गुरांपासून नव्हे, तर तिचे भले करू पाहणाऱ्या सज्जनांपासून.

मुळात गवताला शोभा असते हेच कोणाला मान्य नसते. बांबू, ऊस, गहू, भात आणि ज्वारी ही सगळी मंडळी गवताच्याच कुळातली, आणि त्या कुळात ११ हजारांहून अधिक जाती आहेत. तरीही घरी आलेला पाहुणा कुंडीतल्या बांबूचे तोंडभरून कौतुक करतो आणि शेजारच्याच त्याच्या भाऊबंदाकडे बोट दाखवून, ‘इथे जरा साफसफाई करून घ्या,’ असे सुचवतो. लिनियससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्येच या गवताची नोंद करून ठेवली आहे, हे मी एकदा सांगून पाहिले. त्यावर ‘नोंद काय, उंदराचीही असते,’ असे उत्तर आल्यामुळे तो मार्ग मी कायमचा सोडला.

वास्तविक कुसळी जवळून पाहावी. तुऱ्यातल्या एकेका बीला सहा ते दहा सेंटिमीटर लांबीचे, काळपट तपकिरी, बारीक लव असलेले कुसळ फुटते, आणि तुरा पिकत आला की ही कुसळे एकमेकांत गुंतून टोकाशी त्यांचा पीळदार झुपका होतो. हिरवा ठोंब वाळता वाळता तांबूस होतो आणि कलत्या उन्हात तो असा काही उजळतो की पाहणाऱ्याने आपले काम विसरावे. आमच्याकडे येणारे लोक मात्र काम विसरत नाहीत. त्यांना तेवढ्यात खुरपे आठवते.

या प्रकरणाची सुरुवातच संशयास्पद होती, हे मला मान्य करावे लागेल. कुसळीच्या ताज्या बियांना कित्येक महिन्यांची सुप्तावस्था असते, त्यामुळे त्या पेरल्या तरी लगेच उगवत नाहीत. रिकाम्या कुंडीला नेमाने पाणी घालणाऱ्या माणसाकडे घरातली माणसे कोणत्या नजरेने पाहतात, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. पुढे कुंडीत हिरवे काहीतरी दिसू लागले, तेव्हा ते कुसळी आहे की हरळी, की आणखी कोणी आगंतुक, हा नवा पेच पडला, कारण लहानपणी सगळी गवते सारखीच दिसतात. कुसळीची काडी बुडाशी चपटी असते, त्यामुळे ती बोटांच्या चिमटीत धरली तर गरगर फिरत नाही, अडते. ही खूण हाती लागल्यापासून मी बागेत उकिडवा बसून एकेक काडी चिमटीत फिरवून पाहत असे. ‘अरे, नाडी लागते आहे का?’ असे आईने गॅलरीतून विचारले, ते मी ऐकले नाही असे दाखवले.

माळीबुवांचे प्रकरण त्याहून नाजूक होते. ते अत्यंत कष्टाळू गृहस्थ आहेत आणि नेमके तेच अडचणीचे आहे. ठोंब गुडघ्याएवढा झाला तेव्हा त्यांनी कमरेला पदर बांधावा तसा टॉवेल खोचला आणि ‘साहेब, एवढे गवत माजले, मला आधी सांगायचे नाही का?’ असे म्हणत ते पुढे सरसावले. मी आडवा झालो. हे मुद्दाम लावलेले आहे असे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले, आणि खुरपे खाली ठेवताना घरात वडीलधारे कोणी आहे का, अशी चौकशी केली. पुढे त्यांची समजूत पटली, पण ती गरजेपेक्षा जास्त पटली. आता ते बागेतली एकही काडी विचारल्याशिवाय उपटत नाहीत. लव्हाळ्यापाशी थांबतात, गाजरगवतापाशी थांबतात आणि आदराने विचारतात, ‘हेही शोभेचेच का?’

देखभालीविषयी म्हणाल तर तिचा सारा भर काही न करण्यावर आहे, आणि काही न करण्याइतके अवघड काम मी दुसरे पाहिलेले नाही. भरपूर ऊन, निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन आणि माणसाची सहनशीलता एवढ्यावर हे गवत ताठ उभे राहते. त्याला नत्र मिळाले की ते माजते, पाती लांबतात, काड्या लुसलुशीत होतात आणि सगळा ठोंब चहूबाजूंनी आडवा पडतो. शेजारचे अप्पा हे मानायला तयार नाहीत. आम्ही गावाला गेलो असताना त्यांनी शेजारधर्म म्हणून कुसळीला रोज पाणी घातले, वर आपल्या गुलाबांसाठी आणलेले खतही घातले. परतल्यावर पाहिले, तर ठोंबाने लोटांगण घातलेले होते. ‘केवढे तजेलदार झाले आहे, पाहा!’ असे अप्पा म्हणाले, आणि मला त्यांचे आभार मानावे लागले.

यानंतर मोज्यांचा विषय येतो. म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात असते. आमच्या घरचे बारा महिने मोज्यात असते. बीच्या खालच्या टोकाला अणकुचीदार सुई असते आणि तिच्यावर उलट्या दिशेने वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे बी आत जाते ते सहज, बाहेर मात्र येत नाही. वरचे कुसळ ओले झाले की त्याचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याच्या जोरावर बी गिरमिटासारखी जमिनीत उतरते. अशा कुसळांची करामत विद्वानांनाही भुरळ घालून गेली आहे: रॉबर्ट हूक याने १६६५ च्या सुमारास रानओटाच्या कुसळावरून हवेतला दमटपणा दाखवणारे साधन केले, आणि चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७६ मध्ये अशा बियांच्या जमिनीत शिरण्यावर निबंध प्रसिद्ध केला. हे सारे मी घरात सांगितले, ते मोजे धुण्याच्या वेळी, आणि ती वेळ योग्य नव्हती. मोजा भिजवला की पीळ सुटतो, वाळत घातला की बसतो; म्हणजे धुलाईची एकेक फेरी बीला आणखी थोडे आत ढकलत असणार, असा माझा कयास आहे. चिमटा घेऊन दिव्याखाली बसल्यावर सुई सापडते, पण ती मागे ओढायची नसते, जिकडे निघाली आहे तिकडूनच पुढे काढायची असते. मेंढपाळ या गवताला का वचकून असतात, ते मला तेव्हा कळले. कोवळेपणी ते चांगला चारा असते, पण बी पिकल्यावर हीच सुई मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरते.

वर्षातून एकदाच आमच्या घरात कुसळीवरून एकमत होते, ते छाटणीच्या दिवशी. नवे फुटवे येण्यापूर्वी वाळलेला ठोंब जमिनीपासून बोटभर लांबीवर, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरवर, विळ्याने कापायचा असतो. गवताची वाढ बुडाकडून होत असल्यामुळे कापणे, चरणे, एवढेच काय, वणवासुद्धा ते पचवते. विळा हाती घेतला की सगळे घर मदतीला धावते, एरवी बागेत न फिरकणारी मुलेही भारा बांधायला येतात आणि आई समाधानाने म्हणते, ‘गेले एकदाचे.’ मी काही बोलत नाही. फुटवे दिसू लागले की तीच पहिली विचारते, ‘परत आले का रे?’

ठोंब जुना झाला की मधोमध वठतो आणि कडेने तेवढा हिरवा राहतो. मग तो खणून काढायचा, धारदार फावड्याने त्याचे तुकडे करायचे, आणि बाहेरचे जोमदार तुकडे वाढीच्या हंगामाच्या तोंडाशी पुन्हा लावायचे. आमच्याकडे असे तुकडे गरजेपेक्षा जास्त निघाले आणि ते कोणाला द्यायचे हा प्रश्न उभा राहिला, कारण गवत भेट देणारा माणूस पाहिला की लोकांना अचानक दुसरीकडे काम निघते. शेवटी अप्पांनी भीडेखातर एक तुकडा घेतला आणि आपल्या दोन गुलाबांच्या मध्ये लावला. काल ते तक्रार घेऊन आले की ठोंब सारखा आडवा पडतो आहे. पाणी बंद करा, खत बंद करा आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नका, असे मी सांगताच ते दुखावले आणि म्हणाले, ‘अहो, फुकट मिळाले म्हणून काय असे वागवायचे त्याला?’